पेटी की पिशवी? मागच्या सीटवरून आलेलं पत्र

"दादा, आम्ही साताऱ्यात गुरुवार पेठेत राहतो. नवऱ्याकडे हिमालयन ४११ बाइक आहे, रोज त्यावरच एमआयडीसीत कामाला जातो आणि सुट्टीला आम्ही दोघं कास, बामणोली, ठोसेघर, कधी कुंभार्ली उतरून चिपळूण असं फिरतो. डिसेंबरमध्ये दहा-बारा दिवस कच्छला जायचं ठरलंय. मला दोन्ही बाजूला ॲल्युमिनियमच्या पेट्या आणि मागे टॉप बॉक्स हवाय, कुलूप लावलं की विषय संपला, आणि मला टेकायला पण होईल. पुण्यात एक जण जुना सेट पस्तीस हजाराला देतोय. नवरा म्हणतो सॉफ्ट बॅगा घेऊ, स्वस्त आणि हलक्या. मला मात्र सॉफ्ट बॅगा म्हटलं की रोज संध्याकाळी लॉजच्या जिन्यावरून बॅगा ओढणारी मीच दिसते. तुम्हीच सांगा कोण बरोबर? – मागच्या सीटवरची, सातारा"

ताई, निकाल आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना उगाच धाकधूक नको. बाजूला सॉफ्ट म्हणजे कापडी बॅगा, मागे एक छोटा प्लास्टिकचा टॉप बॉक्स, आणि ॲल्युमिनियमच्या पेट्या नको. आता हे वाचून नवऱ्याला लगेच स्क्रीनशॉट पाठवू नका, आणि त्यानेच आधी वाचलं असेल तर त्याने कॉलर टाइट करू नये, कारण त्याचं "स्वस्त पडतं" हे कारण काय फार खरं नाहीये. चांगल्या बॅगा, त्यांचे स्टे (बॅग चाकापासून लांब धरणारी चौकट), लायनर म्हणजे आतल्या पिशव्या, पट्टे असं सगळं धरलं की आकडा बरा मोठा होतो. आणि तुमचा जिन्याचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, त्याच्याकडे येतोच.

माझं खरं कारण तुमच्या पत्रातच आहे, कास आणि बामणोली. कच्छ वर्षातून एकदा, पण कास-बामणोली दर महिन्याला, आणि बॅग नेहमीच्या रस्त्यासाठी घ्यायची असते. पावसाळ्यात त्या जांभ्याच्या लाल चिखलावर, शेवाळ धरलेल्या वळणावर गाडी कशी जाते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. स्पीड काही नसतो, चालत्या माणसाएवढा, पण पुढचं चाक किंचित सरकलं की चालवणाऱ्याचा पाय आपोआप खाली जातो, जमिनीला टेकतो, आणि गाडी मात्र पुढे सरकतच असते. बाजूला कडक पेटी असेल तर ती पेटी पुढे येऊन त्या टेकलेल्या पायाला मागून पोटरीवर धडकते, पाय पेटी आणि जमीन यांच्यामध्ये सापडतो आणि मग घोटा नाहीतर नडगी. हे मी घाबरवायला सांगत नाहीये. कासच्या खालच्या उतारावर आमच्या ग्रुपमधल्या एकाचं डोळ्यांसमोर असंच झालं, गाडीला ओरखडा नाही, पेटीला एक छोटा पोचा आणि हा बाबा दीड-दोन महिने प्लास्टरमध्ये. सॉफ्ट बॅग अशा वेळी दबते, पाय निसटतो, फार तर निळा डाग पडतो.

हे झालं पुढच्याचं, आता तुमचं बघा, कारण पेट्यांची चर्चा नेहमी चालवणाराच करतो आणि मागे बसणारीला कोणी विचारत नाही. पेट्या लावल्या की तुमच्या पोटऱ्यांच्या बरोबर मागे त्यांची पुढची कड येते. सीटवर थोडं मागेपुढे सरकायला जागा राहत नाही आणि गाडी आडवी पडली तर तुमचा पाय पण त्याच बाजूला असतो. एक मात्र कबूल करायला पाहिजे, मजबूत पेटी आणि दणकट रॅक असेल तर पडलेली गाडी पेटीवर टेकून राहते, पूर्ण आडवी होत नाही, आणि त्या पोकळीमुळे कधी कधी पाय वाचतो सुद्धा. म्हणजे दोन्ही बाजूंनी बोलता येतं. पण ज्या वेगात आणि ज्या रस्त्यावर तुम्ही पडणार आहात, म्हणजे देव करो न पडोत, तिथे मला कापडच बरं वाटतं.

चढायचं पण बघा. टॉप बॉक्स आणि दोन पेट्या लावलेल्या हिमालयनवर मागच्या माणसाला चढायचं म्हणजे फूटपेगवर उभं राहून, नवऱ्याच्या खांद्याला धरून, गुडघा छातीपर्यंत उचलून पाय पलीकडे टाकायचा. पुण्याला जाऊन सेट बघणारच असाल तर पैशाचं बोलायच्या आधी त्या माणसाच्या गाडीवर फक्त पाच वेळा चढून-उतरून बघा. पेट्यांची निम्मी हौस तिथंच फिटते असा अनुभव आहे.

वजनाचा हिशोब साधा आहे. बीएस-सिक्सवाली हिमालयन ४११ स्वतःच १९९ किलोची, इंजिन साधारण चोवीस बीएचपीचं, त्यावर तुम्ही दोघं. ॲल्युमिनियमची एक पेटी रिकामी चार-पाच किलो, अशा दोन, वर त्यांचा लोखंडी रॅक चार-पाच किलो, म्हणजे एक रुमाल सुद्धा न ठेवता बारा-पंधरा किलो चढले. सॉफ्ट बॅगांची जोडी आणि स्टे मिळून याच्या निम्म्यात होतं. कुंभार्ली चढताना हा फरक नवऱ्याला गिअरमध्ये कळेल आणि खड्ड्यात तुम्हाला कमरेत कळेल. शिवाय मोठी पेटी असली की ती भरली जाते, हा निसर्गनियम आहे, "असू दे, लागेल" म्हणत म्हणत.

आणि गुरुवार पेठ! तुम्ही पार्किंगबद्दल काही लिहिलं नाहीये पण पेठेतली घरं म्हणजे बोळ, दगडी उंबरा, दिंडी दरवाजा यातलं काहीतरी असणारच. पेट्या लावल्यावर गाडीची मागची रुंदी मीटरच्या आसपास जाते, हँडलपेक्षा जास्त, आणि चालवणाऱ्याला सवय हँडल बघून गाडी काढायची. रविवारच्या गर्दीत राजवाड्यापासून मोती चौकाकडे अशी गाडी काढा आणि किती जणांच्या गुडघ्याला आणि किती स्कूटींच्या आरशाला माफी मागावी लागते ते मोजा. घरचं फाटक आजच टेपने मोजून घ्या, पैसे लागत नाहीत.

आता पेट्यांच्या बाजूने जे खरं आहे ते पण बोलतो, नाहीतर तुम्ही म्हणाल दादा नवऱ्याकडून फितूर झाला. कुलूप ही खरी गोष्ट आहे. लोक कुलपाचा विचार रात्रीसाठी करतात, पण रात्री तसंही सगळं सामान खोलीत जातं. गरज पडते ती दुपारी. धोलाविराला तुम्ही दोघं ते उत्खनन केलेलं शहर बघायला जाणार, आरामात फिरलं तर दोन तास, आणि गाडी बाहेर पार्किंगमध्ये, त्यावर तुमचं अख्खं सामान. भुजच्या बाजारात तेच, कुठे जेवायला थांबलात तरी तेच. कापडी बॅग ब्लेडने फाडता येते, क्लिप दाबून सोडवता येते, आणि पेटीला निदान येणाजाणाऱ्याचा सहज हात लागत नाही. इथंच आपल्याकडे चोरापेक्षा जास्त त्रास माकडांचा आहे, महाबळेश्वरच्या पॉइंटवर गाडी लावून गेलात आणि बॅगेत शेंगदाण्याची चिक्की आहे हे त्यांना वासाने कळलं की चेन उघडायची का फाडायची एवढाच प्रश्न उरतो. पेटीपुढे मात्र माकड हात टेकतं. म्हणूनच मी टॉप बॉक्स ठेवा म्हणतोय, खायचं, कागदपत्रं, कॅमेरा, चार्जर, म्हणजे गेलं तर ट्रिप खराब होईल असं सगळं त्यात. बाजूच्या बॅगांमध्ये कपडे. तुमचे मळलेले कपडे चोरायला कच्छमध्ये कोणी टपून बसलेलं नाही.

पावसाचं म्हणाल तर यावर लोक उगाच भांडतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आंबेनळी घाटात जुलैमध्ये पाऊस वरून कमी आणि समोरून जास्त येतो, तिथे चेनवाली बॅग आणि त्यावर ते पिवळं रेनकव्हर हे जोडकाम टिकत नाही. कव्हर वाऱ्याने फुगतं, मागच्या चाकाचं पाणी खालून उडतं ते कव्हरच्या तळाशी साठतं, आणि बॅग त्या डबक्यात बसून राहते. त्यामुळे सॉफ्ट घ्यायची तर रोल-टॉप घ्या, तोंड निदान तीन वेळा गुंडाळून क्लिप लावायची, किंवा साधी बॅग आणि आत वेगळी वॉटरप्रूफ पिशवी. ही आतली पिशवी महागाचीच पाहिजे असं काही नाही, खताच्या गोणीच्या आत जी जाड प्लास्टिकची पिशवी असते ना, ती स्वच्छ धुऊन, वाळवून, तोंड पिळून रबर लावलं की कोयनेच्या पावसात सुद्धा कपडे कोरडे राहतात. वास जाईपर्यंत धुवा मात्र. चेनला दुसरा शत्रू धूळ, कच्छच्या बारीक धुळीत चेन करकरायला लागते, रोल-टॉपला ते झंझट नाही.

ॲल्युमिनियमच्या पेटीची एक गंमत दुकानात कोणी सांगत नाही. आत सामान सुटं ठेवलं आणि दिवसभर ते हादऱ्याने पत्र्यावर घासलं गेलं की ॲल्युमिनियमची काळी भुकटी निघते. पांढऱ्या कुर्त्यावर करडा काळपट पट्टा, डब्याच्या बुडावर, औषधाच्या पाकिटावर सगळीकडे तेच, आणि साबणाने लवकर जात पण नाही. म्हणून पेटीवाले सुद्धा आत कापडी लायनर बॅग घालतात. म्हणजे शेवटी पेटी घेऊन पण आत पिशवी लागतेच! आणि उन्हात उभी केलेली बंद पेटी आतून चांगलीच तापते, नातेवाईकांना कंदी पेढे नेणार असाल तर ते त्यात नको.

याच लायनरमध्ये तुमच्या जिन्याचं उत्तर आहे. बाजूच्या बॅगा गाडीवरून रोज सोडवायच्याच नाहीत. बाहेरची बॅग स्टेला घट्ट बांधलेली, धुळीची, चिखलाची, ती राहू दे खालीच, पातळ स्टीलची केबल आणि छोटं कुलूप तिच्या कड्यांमधून ओवून टाका. आत दोन हलक्या पिशव्या, हँडल असलेल्या, संध्याकाळी तोंड उघडलं, दोन पिशव्या उचलल्या, वर गेलात. कपड्यांची पिशवी पाच-सहा किलोच्या वर जाऊ द्यायची नाही. मापाच्या लायनर विकत मिळतात, नाहीतर आपल्याकडे रेक्झिनच्या बॅगा शिवणारे आहेतच, बाहेरची बॅग त्याच्यापुढे ठेवायची आणि याच्या आत बसेल अशी शिवून दे म्हणायचं, दोन दिवसात मिळते. आणि त्या दोन पिशव्या नवऱ्याने न्यायच्या हे घेतानाच ठरवून घ्या, कारण सॉफ्टचा हट्ट त्याचा आहे.

टॉप बॉक्सबद्दल तुमच्या डोक्यात टेकायचं आहे, त्यावर थोडं थांबा. तुमच्या गाडीचा मागचा रॅक चाकाच्या आसाच्या मागे येतो, तिथे जेवढं वजन टाकाल तेवढं पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल वळवळायला लागतं, ऐंशीच्या पुढे तर चांगलंच जाणवतं. बहुतेक बॉक्सवर किती किलो ठेवायचं ते लिहिलेलं असतं आणि तो आकडा वाचून लोकांना धक्का बसतो इतका लहान असतो. त्यामुळे छोटा बॉक्स घ्या, एक फुल-फेस हेल्मेट मावेल एवढा, वजनदार काही नाही. टूलकिट, पंक्चर किट, पाण्याच्या बाटल्या हे सगळं बाजूच्या बॅगांमध्ये तळाशी आणि पुढच्या अंगाला. पाठीला गादी लावलेला बॉक्स मिळतो, त्याला पाठ टेकते, छान वाटतं, पण तो बॉक्स एका क्लॅम्पवर बसलेला असतो हे लक्षात असू द्या. तो काही खुर्ची नाही, प्रत्येक ब्रेकला आणि प्रत्येक चढाला तुमचा सगळा भार त्यावर नको.

नियम पण एक आहे जो कोणाला माहीत नसतो. २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली, त्यात दुचाकीच्या मागच्या कंटेनरचं माप दिलंय, लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलीमीटरच्या आत. कंटेनर मागच्या सीटच्या जागेवर ठेवला तर गाडीवर फक्त चालवणारा चालतो, मागे दुसरा माणूस बसवायचा तर कंटेनर त्याच्या सीटच्या मागेच पाहिजे. छोटा बॉक्स यात आरामात बसतो. त्याच दुरुस्तीत मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं असावं असं पण आहे, आणि हे तुमच्यासाठी महत्त्वाचं, कारण स्टे बसवताना डाव्या बाजूचा साडी गार्ड मध्ये येतो म्हणून फिटर तो काढून हातात देतो आणि म्हणतो "लागत नाय ओ". लागतो. ओढणी, साडी, रेनकोटचं टोक, बॅगेचा लोंबणारा पट्टा, सगळ्यालाच लागतो. गार्डसकट बसणारे स्टे बघा नाहीतर गार्ड थोडा बदलून परत लावून घ्या.

स्टेवर खर्च करायला कंजुषी करू नका, बॅगेवर हजार वाचले तर चालेल. स्टे नसताना बॅग मागच्या चाकाकडे झुकते, आणि तुमच्या गाडीचा सायलेन्सर उजव्या बाजूला वर उचललेला आहे, कापडाला तिथे गरम पत्रा लागला की भोक पडायला वेळ लागत नाही. उजवी बॅग थोडी वर आणि मध्ये हीट शील्ड, आणि पहिल्या दिवशी दर अर्ध्या तासाने थांबून हात लावून बघायचं. स्टे आपल्याकडचा फॅब्रिकेशनवाला पण करून देईल पण त्याला एकच गोष्ट दरडावून सांगा, चासीला वेल्डिंग नाही, जे काही करायचं ते नट-बोल्टवर. वेल्डिंगच्या जागी हादऱ्याने तडा जातो आणि तो तडा बॅगेखाली झाकलेला राहतो.

पट्ट्यांची टोकं लोंबती ठेवायची नाहीत, गुंडाळून टेप नाहीतर रबर. मागच्या चाकात किंवा चेनमध्ये गेलेला पट्टा चाक जागेवर थांबवतो, आणि ते कुठल्या वेगात होईल ते आपल्या हातात नाही. हूकवाल्या बंजीने वर काही बांधू नका, ताणलेला हूक सुटून डोळ्यावर येतो. त्यापेक्षा टायरवाल्याकडून जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून आणा, कुठे हूक नाही, पकड भारी, आणि तो बहुतेक पैसे पण घेत नाही.

बॅगा कुठल्या, तर वायाटेरा, रायनॉक्स, गार्डियन गिअर्स या आपल्याच देशातल्या कंपन्या आहेत, यांच्या बॅगा बघा, हातात घेऊन शिलाई ओढून बघा. बाहेरच्या ब्रँडच्या नादाला आत्ता तरी लागायची गरज नाही.

सामान भरल्यावर मागचा शॉकॲब्सॉर्बर कडक करायला विसरू नका, सी-स्पॅनर नावाच्या पान्याने प्रीलोड म्हणजे स्प्रिंगचा ताण दोन-तीन खाचा वाढवायचा, नाहीतर गाडी मागे बसते, हेडलाइट आभाळाकडे जाते आणि रात्री घाटात समोरचे सगळे डिपर मारत शिव्या घालतात. टायरची हवा मॅन्युअलमध्ये दोघांसाठी दिली आहे तेवढी.

कच्छचं म्हणाल तर मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि पुढे अहमदाबाद-वडोदरा एक्सप्रेसवे दोन्हीवर दुचाकीला बंदी आहे, जुन्या रस्त्यानेच जायचंय, तर तसाही वेग कमी. खावड्याहून धोलाविराकडे जो सरळ रस्ता जातो तिथे दोन्ही बाजूला मीठच मीठ, एक झाड नाही आडोशाला, आणि आडवा वारा सुटला की सपाट पत्र्याची पेटी तो वारा पूर्ण अंगावर घेते. कापडी बॅग घेते पण कमी. फोटोत पेट्या भारी दिसतात तिथे, हे मान्य.

पेट्या कोणी घ्याव्यात? जो एकटा फिरतो, बहुतेक हायवेवर, रोज वेगळ्या गावात मुक्काम, गाडी मोठी आणि ताकदवान, बरोबर लॅपटॉप-कॅमेरा असं महागाचं सामान, त्याने जरूर घ्याव्यात, आणि त्याला मी सॉफ्ट घे म्हणून सांगणार पण नाही. पुढे तुम्ही मोठी गाडी घेतलीत आणि कास-बामणोली कमी झालं तर मला परत लिहा, कदाचित उलटं सांगेन.

पुण्याच्या सेटचं शेवटचं. पस्तीस हजारात पेट्या आहेत की पेट्या आणि रॅक, हे विचारलंय का? रॅक त्या त्या मॉडेलचा असतो, तो माणूस दुसऱ्या गाडीवर वापरत असेल तर रॅक तुमच्या काही कामाचा नाही आणि नवीन रॅकचा खर्च वेगळा. तरीही बघायला जाणारच असाल तर आत वर्तमानपत्र पसरून झाकण लावून वरून पाइपने पाणी मारायला लावा, कागद भिजला की रबर गेलं. चाव्या दोन्ही हव्यात, आणि रॅकच्या सांध्यांना मोबाइलच्या उजेडात तडा दिसतो का बघा. पण मी तर म्हणेन फोन करून नको म्हणून सांगा, आणि टोकन दिलं असेल तर ते आजच परत मागा, उद्या मागितलं की तो "तुमच्यासाठी दुसऱ्याला नाही म्हटलं" असं म्हणायला मोकळा.